कूपनावरचं माझं अक्षर

गाडी येणार म्हणून आईनं चार लिंबं आणून ठेवली होती. नवी गाडी दारात आली की चाकांखाली लिंबं ठेवायची, ओवाळायचं, मग ती आत घ्यायची. गाडीला वळायला जागा हवी म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तुळशीची कुंडी ओढत ओढत भिंतीकडे नेली होती. आणि एरवी गुडघे धरून बसणारी माझी आई पायरीवर वाकून रांगोळी काढत होती. मी सहज म्हणून माहेरी डोकावले, तर हा थाट.

"काय चाललंय हे?"

"बक्षीस लागलंय. चारचाकी," अण्णा म्हणाले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. "अकराला येनार हाय. तुला दारात गाडी उभी करूनच सांगनार व्हतो."

दोन वाजले तरी गाडी आली नाही. ज्याच्याशी बोलणं झालं होतं त्याचा फोन बंद. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले सगळे पैसे अण्णांनी त्याला आधीच पाठवले होते. गाडीचं पासिंग, मग विमा, मग बक्षिसावरचा टॅक्स. हे मला आईनं सांगितलं. अण्णा बोलेचनात.

मी मात्र बोलले. आज आठवलं तरी लाज वाटते इतकं बोलले. अण्णा करमाडकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. लॉटरीचा फोन आला की "तुझ्या बापाला दे फोन, त्याच्याशीच बोलतो," असं झापणारा माणूस! गल्लीतले म्हातारे संशयाचा फोन आला की आधी आमच्या दारात यायचे. "शेंबडं पोरसुद्धा फसलं नसतं," असं मी माझ्या बापाला म्हणाले. आई म्हणाली, "बास कर गं आता." मी केलं नाही.

शेवटी अण्णांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"हे बघ."

त्या भामट्यानं पाठवलेला फोटो होता. एक गुलाबी कूपन. त्यावर अण्णांचं नाव, या घराचा पत्ता, अण्णांचा नंबर. आणि अक्षर माझं. लहानपणी अण्णांनीच पाटीवर रोज गिरवून घेतलेलं, टपोरं.

"तुझं अक्षर वळखलं मी," ते म्हणाले. "मग आनखी काय विचारायचं?"

तेव्हा मला आठवलं. दिवाळीआधी एका मैदानावर घरगुती वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं, तिथं मी मिक्सर बघायला गेले होते. बाहेर पडताना काउंटरवरच्या बाईनं लकी ड्रॉचं कूपन पुढं केलं. मी ते उभ्या उभ्या भरलं, डब्यात टाकलं आणि विसरून गेले. ते त्या माणसाच्या हाती कसं लागलं, देव जाणे.

"माझं नाव टाकलंस, माय," अण्णा म्हणत होते. "आईला रिक्षात चढताना किती तरास व्हतो, ते तू बघतीस. म्हनूनच टाकलं असशील. मला लई बरं वाटलं व्हतं."

मी "व्हय" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सायबर पोलिसांकडे गेलो. हवालदार शांतपणे एकेक विचारून लिहून घेत होते. "कूपन तुम्ही भरलं ना, ताई? मग नंबर वडिलांचा कशाला दिला?"

तक्रारीत खोटं लिहून द्यायची माझी हिंमत झाली नाही. "असलं कूपन भरलं की दिवसभर कंपन्यांचे फोन येतात," मी म्हणाले. "मला ऑफिसात ती कटकट नको होती. अण्णा काय, घरीच असतात."

शेवटचं वाक्य कुणी विचारलंही नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

अण्णा शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ती म्हन्ते तसंच लिहा साहेब," एवढंच म्हणाले.

परतताना रिक्षात अण्णा बाहेर बघत म्हणाले, "तो तर चोरच व्हता." पुढं काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्या माणसाला मी आजही शिव्या घालते. माझं अक्षर दाखवून त्यानं माझ्या बापाला लुटलं. पण ते अक्षर आणि तो नंबर त्याच्या हातात मीच दिला होता, आणि शिव्या देऊन झाल्या की हे उरतंच.

त्याच आठवड्यात मी अण्णांना बजावलं, "यापुढं कुणीही कागद पुढं केला, तरी वाचल्याशिवाय काही करायचं नाही. कुणीही असो." त्यांनी मान हलवली.

ऑपरेशनसाठी मी ऑफिसातून कर्ज काढलं. आईला दवाखान्यात भरती करायच्या दिवशी काउंटरवर उभं राहून मीच फॉर्म भरला आणि सहीसाठी अण्णांपुढं सरकवला. आजवर बँकेचा कागद असो की पेन्शनचा, मी बोट ठेवायची, ते "इथं का?" विचारायचे आणि सही करून मोकळे व्हायचे. चष्मासुद्धा लावायचे नाहीत.

मी बोट ठेवलं. "इथं, अण्णा."

त्यांनी खिसा चाचपला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या ओळीपासून, माझ्या अक्षराखालून बोट फिरवत, वाचायला सुरुवात केली. मागं रांग खोळंबली होती.

"मी वाचलंय सगळं, अण्णा."

त्यांनी वर पाहिलं नाही.

"वाचू दे," ते म्हणाले.