पिंक मेंबर स्टँडमधून आली होती

आमच्या ह्यांच्या तोंडावर जो थुंकला त्याचं नाव मला माहीत नाही.
त्याच्या क्लबचं नाव माहीत आहे.

आज हे जाऊन वर्ष झालं. नात म्हणते, आज्जी, चांगलं चांगलं लिही. चांगलंच लिहितेय की.

हे कलकत्त्याच्या मैदानावर फुटबॉलचे रेफरी. नोकरी एस्प्लनेडला, पण जीव शिट्टीत.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी लग्न होऊन साताऱ्याहून नुकतीच कलकत्त्यात, बागबाजारात आलेली. हौसेनं मॅच बघायला गेले. ह्यांनी पेनल्टी दिली, गोल झाला, तो क्लब हरला.

मग काय, त्यांच्या लोकांनी आई-बहीण सगळं काढलं. वर "बर्गी, बर्गी" सुरू. मराठ्यांच्या जुन्या स्वाऱ्यांवरून बंगाल्यांच्या तोंडात बसलेली शिवी ती.
अहो, ह्यांचा जन्मच बागबाजारचा. इलिश माशाचे काटे काय सुबक काढायचे. मला अजून जमत नाही.

हे बाहेर निघाले आणि पानाची पिंक आली. गालावर, पांढऱ्या कॉलरवर.
ह्यांनी रुमाल काढला. म्हणाले, चल, ट्राम जाईल.

मी कसली जाते. तिथे क्लबांची हापिसं मैदानातच, तंबूत. सरळ क्लबच्या तंबूत शिरले, हे मागोमाग. सेक्रेटरीनं बौदी बौदी, म्हणजे वहिनी वहिनी, करत स्ट्यू-पाव पुढे केला. मी खाल्ला. भूक लागली होती, आणि चांगला होता, खोटं कशाला बोलू?
म्हणाला, ती आमची माणसं नव्हेत, पब्लिक आहे. पब्लिकला क्लब काय करणार?

मी मोडक्या हिंदीत म्हटलं, "पब्लिक तिकडे फोर्ट विल्यमच्या चढावर उभं राहून फुकट बघतं. ही पिंक मेंबर स्टँडमधून आली. तिथे तुमच्या कार्डाशिवाय कोणाला सोडता का?"

तो आणखी पाव पुढे सरकवायला लागला.
जिंकले की हेच लोक क्लबचा प्राण. थुंकले की कोण कुठले!

मग म्हणाला, इथल्या इथे माफी मागतो, बाहेर नको, मेंबर चिडतील.
हे म्हणाले, "शिव्या मैदानात दिल्या, माफी पण मैदानात मागा. तोवर तुमच्या मॅचला मी उभा राहणार नाही."

माफी आली नाही.
ह्यांना मोठ्या मॅच मिळणं मात्र बंद झालं. हट्टी माणूस म्हणे. शेवटपर्यंत रविवारी पोराटोरांच्या मॅच खेळवल्या.
क्लबचं काय गेलं? काही नाही.

गेल्या वर्षी हे गेले, तर त्याच क्लबकडून हार आला. नवा सेक्रेटरी स्वतः घेऊन आला, तरणाबांड, वाकून पाया पडला. मी विचारलं, माफीचं काय झालं?

"ठाकुमा," आज्जीला म्हणतात तसं म्हणाला, "तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता."
"क्लबचा झाला होता ना?"

एवढ्या दुःखात मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ह्यांना ऐकायला मिळायला हवं होतं.

हार परत दिला. सांगितलं, आधी मॅचच्या दिवशी त्या स्टँडसमोर उभा राहून बोल, मग आण. फोटोवर जागा ठेवते.

वर्ष झालं. जागा तशीच आहे.

अहो, तुम्ही निवांत राहा. मी आहे अजून भांडायला.
नमस्कार करते.