घणाच्या गाडीचे प्लग

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली घण म्हणते. तो भिंती पाडायची कामं घेतो, सकाळी घण खांद्यावर टाकून जातो आणि संध्याकाळी धुळीने पांढरा होऊन येतो, म्हणून म्हणे ते नाव. मला विचाराल तर नाव कामावरून पडलेलंच नाही. शाळेत एका पोराचा हात बाकात घालून वरून झाकण आपटलं होतं त्याने. तेव्हा कुठे होत्या भिंती?

राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आधी हात, मग तोंड. दूध उतू गेलं तर पातेलं भिंतीवर, कुलूप अडकलं तर दार खांद्याने आत. एका रात्री भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून त्याने बायकोचं मनगट असं पिरगाळलं की हाड मोडल्याचा आवाज शेजारणीने ऐकला. दुसऱ्या दिवशी भावजय पोरीला आणि होतं नव्हतं ते सामान घेऊन घाटापलीकडे आईकडे निघून गेली.

आणि मी काय केलं? मध्यस्थी. आपलेच दात, आपलेच ओठ. तो माझ्या दारात येऊन बसायचा, लहान पोरासारखा रडायचा, पुढे केलेलं ताट तसंच ठेवायचा. मला पाझर फुटला. मी भावजयीला फोनवर फोन केले. शेवटी ती म्हणाली, "ताई, मला त्यांच्या शपथा नकोत. तुम्ही स्वतः या. माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगा, की त्या रात्रीनंतर त्यांनी कुणावर हात उचललेला नाही. तुम्ही सांगाल तर त्याच पावली निघते."

मी म्हटलं, सांगते की. तोवर ते खरंच होतं.

रविवारी येतो असा शब्द दिला आणि शुक्रवारी गाडीने मान टाकली. चालू व्हायची, पण जागेवर थरथरायची आणि चढ आला की मिसिंग मारायची, धक्के खात दम सोडायची. अशा गाडीने घाट कसला चढतोय? बसने जा म्हणावं तर सगळं सामान परत आणायचं होतं. मॅकेनिक बोलवावा तर येणार कोण? कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचा पुढचा दात घणाने पूर्वीच पाडला होता, गाडी द्यायला उशीर केला म्हणून. बाकीच्यांनी त्याचं तोंड बघितलं आणि शहाणे झाले.

तरी मी त्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने एका गाडीखाली पडल्या पडल्या सगळं ऐकून घेतलं.

"प्लग गेलेत, त्यांना करंट देणाऱ्या कॉईलही गेल्या असतील. चारही बदला. घरी जमतं, अवघड नाही," तो म्हणाला. "पण मी येणार नाही, ताई. दात माणूस एकदाच पाडून घेतो."

मग उठला आणि जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा कापून माझ्या हातात दिला. "नवा प्लग हिच्या तोंडात खोचायचा आणि हिनेच फिरवायचा. आट्यांत सरळ बसला तर फिरतो. वाकडा बसला तर नळी नुसती घसरते, जोर लागतच नाही. पाना अगदी शेवटी, तोही हलका. आटे गेले तर इंजिन उघडावं लागेल, सांगून ठेवतो."

मी निघाले तसा तो पडक्या दातातून हसला. "बाकी कुत्र्याचं शेपूट नळीत घालून बघाच एकदा, ताई."

माझा सख्खा भाऊ, पण हसू मलाही आलं.

रविवारी सकाळी अंगणात बोनेट उघडलं. मी लाँड्रीत इस्त्री करणारी बाई, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, त्यालाही नाही. मोबाईल रेडिएटरवर टेकवून व्हिडिओ बघत त्याने पहिल्या कॉईलची क्लिप दाबली, वायर सोडवली, बारकासा बोल्ट काढला आणि कॉईल वर ओढली. खालच्या खड्ड्यातली धूळ फुंकून काढली. लांब सॉकेटने जुना प्लग बाहेर आला, टोकाला काळाठिक्कर. मी नवा प्लग नळीत खोचून दिला. भिंती फोडणारा तो हात दोन बोटांनी नळी फिरवत होता, जीभ दातांत धरून. प्लग बसला. वर नवी कॉईल, वायर, टक्. दुसराही तसाच बसला. मला वाटलं, मेला सुधारला वाटतं. खरं सांगते, डोळे भरून आले माझे.

तिसऱ्या कॉईलची क्लिप जुनाट होती. ती बोटात तुटली आणि अंगठ्यात घुसली. त्याच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली. त्याने कॉईल काढली, प्लग काढला, नवा आत सोडला. नळी घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा त्याने नळी उपसून गटारात भिरकावली आणि सरळ रॅचेट, तो लांब दांड्याचा पाना, लावलं. आतून कर्र आवाज आला.

"थांब, वाकडा चाललाय," मी म्हटलं आणि दांड्यावर हात ठेवला.

त्याने रॅचेट उचकटलं आणि मारलं. पहिला फटका कोपराच्या खाली बसला, दुसरा दंडावर. तिसऱ्याला मी जमिनीवर होते, म्हणून तो हेडलाईटवर गेला. काच माझ्या केसांत पडली. मग तो गाडीलाच मारत सुटला, मडगार्डवर, दारावर, पुन्हा त्याच हेडलाईटवर. शेजारच्यांनी पटापट खिडक्या लावून घेतल्या. सवय होती त्यांना.

दम लागला तेव्हा तो थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू मधे कशाला आलीस?"

मनगट मोडलं त्या रात्रीही तो बायकोला हेच म्हणाला होता. तिनेच मला सांगितलं होतं, आणि मी तिला म्हटलं होतं, अगं, रागाच्या भरात बोलतो माणूस.

तो पायरीवर बसून रडायला लागला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला राग आला होता, त्याचा आणि माझा स्वतःचा, आणि काम अर्धवट टाकायची मला सवय नाही. गटारातून नळी काढली, नळाखाली धुतली. उजवा हात उचलवत नव्हता, म्हणून डाव्या हाताने प्लग उलटा फिरवून बाहेर घेतला, पुसला, नळीत खोचून पुन्हा सोडला. घसरली. काढला, पुन्हा सोडला. हळूहळू एक आटा धरला, मग दुसरा, आणि प्लग खाली जात राहिला. तुटक्या क्लिपवर चिकटपट्टी लावली. चौथाही मीच बसवला.

चावी फिरवली तशी गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. थरथर नाही, काही नाही. घण डोळे पुसत हसायला लागला. "बघ ताई, जमलं की नाही आपल्याला? चल, आवर."

मी लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला. घाटात गाडी एका दमात चढली. अर्ध्यावर तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "विचारलं तर पाना निसटला म्हण."

मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहीतला हात ठणकत होता, बोटं फुगून जाड झाली होती.

भावजय दारातच उभी होती. मागे बांधलेल्या बॅगा. पोरगी बूट घालून तयार, आजीचा हात धरून. घणाने गाडी चालूच ठेवली आणि आतूनच पोरीला हात केला. मी एकटी पायऱ्या चढून गेले.

"सांगा ताई," भावजय म्हणाली. तिच्या आवाजात 'नाही' ऐकायची घाई होती. मला ती जाणवलीच. "उचलला का हात?"

शब्दांत सांगायची मला हिंमत नव्हती. मी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा झाला होता, आणि रॅचेटच्या दांड्याची रेघ त्यावर स्वच्छ उमटली होती.

तिने ती रेघ बघितली. मग स्वतःचं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. त्याने बाही वर झालेली बघितली होती.

"आत जा," मी म्हटलं. "आतून कडी लाव आणि पोलिसांना फोन कर. मी काही म्हटलं, मी ओरडले, तरी दार उघडायचं नाही."

"आणि तुम्ही, ताई?"

मी बाहेरून दार ओढून घेतलं. आत कडी लागली. मग मी दाराला पाठ लावून उभी राहिले. इंजिन छान चालू होतं आणि घण पायऱ्या चढत होता.