काळ्या पाटीवरचा केस

बाबांची पाटी धाकट्या बहिणीकडे गेली, यावरून मी तिच्याशी कधी भांडले नाही. मनातल्या मनात मात्र रोज भांडले.

बाबा तेल्हाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. आलेल्या गाडीतून मूठभर कापूस घ्यायचे, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत ओढून ओढून धागे सरळ करायचे आणि पंजाएवढ्या लाकडी पाटीवर मांडायचे. पांढरा धागा उठून दिसावा म्हणून पाटीला काळी मखमल चिकटवलेली होती. मग स्टीलची पट्टी लावून धाग्याची लांबी बघायचे. बाबा गेल्यावर मी आईला अमरावतीला माझ्या घरी आणलं. तिचे देव, तिची भांडी, गोळ्यांची पिशवी, गुडघेदुखी, सगळं माझ्याकडे आलं. धाकटीनं फक्त पाटी पिशवीत टाकली आणि अकोल्याची गाडी धरली.

तेही मी गिळलं. पण यंदा तिनं एका दिवाळी अंकात त्या पाटीवर लेख लिहिला. आमच्या घरात लिहिणारी मी. माझी पुस्तकं आहेत, ती आईच्या देवाशेजारच्या फळीवर आहेत, आणि धाकटीनं जन्मात किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. लेखात ती न्हाऊन ओट्यावर केस विंचरत बसली आहे. बाबा फणीतला एक केस काढून पाटीवर मांडतात आणि म्हणतात, "इतका लांब धागा उभ्या वऱ्हाडात नाही."

वाचताना माझे कान तापले. तो केस माझा होता! मी दहा वर्षांची होते, अंगात हिरवा फ्रॉक होता, ओट्यावर ऊन आलं होतं. हा प्रसंग मी वर्षानुवर्षं राखून ठेवला होता, माझ्या आठवणींच्या पुस्तकाचं पहिलं पान म्हणून. आता लोक मलाच फोन करून सांगत होते की बहिणीनं काय सुंदर लिहिलंय. मी हो हो म्हणत होते आणि फोन ठेवल्यावर दिवसभर कुणाशी धड बोलत नव्हते.

रविवारी अकोल्याला गेले. तिनं चहा ठेवला, कच्चा चिवडा कालवला. पाटी टीव्हीखाली काचेत मांडली होती.

"तू काहून आली थे मले समजलं, ताई," ती म्हणाली.

"तो केस माहा होता. तुहे तं तवा खांद्यावर होते. उवा झाल्या म्हणून आईनंच कापले होते."

"आठवणीचा का सातबारा असते? मले आठवलं, मी लिहिलं. अन् तू तं लेखिका. तूच रचून घेतलं असशीन."

हे फार लागलं. खरं सांगायचं तर पाटी मला नकोच होती. बाबांची लाडकी कोण, एवढं एकदाचं ठरायला हवं होतं, आणि पन्नाशी उलटली तरी ते हवंच होतं. मी म्हटलं, "लाव आईले फोन."

तिनं फोन स्पीकरवर टाकला. आईनं आधी जेवलात का ते विचारलं. मग आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागली.

"येड्या झाल्या का व पोरीहो? काळी पाटी अन् तुमचे काळेभोर केस. त्याच्यावर दिसन कसा?"

आम्ही दोघींनी काचेतल्या पाटीकडे पाहिलं.

"पांढरा होता थो. माहा. पयला पांढरा केस. मी रडून राहिली होती, तं तुमच्या बाबानं फणीतून काढला अन् पाटीवर मांडला. तुमी दोघी दारात उभ्या होत्या, पाहत."

"अन् वऱ्हाडातला लांब धागा?" धाकटीनं हळूच विचारलं.

"थे बी मलेच म्हणलं. पुढंबी म्हणलं काहीतरी. थे तुमाले कायले सांगू?" आणि मग म्हणाली, "येताना माही पाटी घेऊन ये."

धाकटीनं काच उघडून पाटी माझ्या हातात दिली. परतताना मूर्तिजापूरपर्यंत पाटी माझ्या मांडीवर होती. तिच्यावर माझा एक केस ठेवून बघितला. तो आता छान दिसत होता, पण तसं म्हणायला कुणी नव्हतं. बहिणीचा हेवा करायची मला सवय होती, तो झेपायचा. आईचा हेवा करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

घरी आल्यावर आईनं पाटी पदरानं पुसली आणि आपल्या कपाटात साड्यांखाली ठेवली. बाबा पुढं काय म्हणाले ते मी त्यानंतर दोनदा विचारलं. ती सांगत नाही.