दोन रात्रींचा बेत

हेझल थर्टल कुठेही जाणार असली, की ते जाणं आधी कागदावर घडतं. सव्वीस वर्षं तिने इंग्लंडमधल्या नॉरफकच्या खेड्यापाड्यांतून फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली. कुठल्या गल्लीत गाडी वळत नाही, कुणाला मोठ्या टायपातली पुस्तकं लागतात, कुठल्या वळणावर दुपारी गायी रस्ता ओलांडतात, हे सगळं चौकटींच्या वहीत लिहिलेलं असायचं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, कौन्सिलने ती गाडीही विकून टाकली, पण वही काही सुटली नाही. बाजाराला जायचं तरी आधी पान आखलं जातं.

तिच्या घरात वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहते आहे, त्यामुळे तिच्या वह्यांचे रंग मला ऋतूंसारखे कळतात. मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिरव्या पुठ्ठ्याची नवी वही आली. पहिल्या पानावर तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: जून, दुसरा आठवडा. दोन रात्री. बुलिमोर यांचं शेत.

बुलिमोरचं शेत आमच्या गावापासून अकरा मैलांवर, खाजणाच्या काठाला आहे. उन्हाळ्यात तो एक कुरण तंबूंसाठी मोकळं ठेवतो. एक नळ, एक संडास आणि सकाळी फाटकाशी टोपलीत ठेवलेली अंडी, एवढीच तिथली सोय. कुरण संपलं की मातीचा बांध, बांधापलीकडे खाजण, खाजणापलीकडे वाळूचा लांब दांडा आणि मग समुद्र. ओहोटीला दांड्यापर्यंत चालत जाता येतं. पण तिथून वेळेत परतायचं असतं. भरती समोरून येत नाही. आपण समुद्राकडे बघत उभे असतो आणि खाजणातले ओहोळ आपल्या पाठीमागे भरत असतात.

या बेतात बघायचं होतं ते एकच: मेरियन येते की नाही.

मेरियन ही हेझलची थोरली बहीण, वय शहात्तर. दोघींनी लग्नं केली नाहीत, आणि आईवडिलांच्या या घरात त्या राहत आल्या. मेरियनने एकतीस वर्षं बंदराच्या कचेरीत काढली. धक्क्यावरच्या फळ्यावर रोज सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहायचं काम तिचं. तिने लिहिलेल्या वेळेवर कोळी बोटी काढायचे. जानेवारीत बेकरीच्या पायरीवर बर्फावरून तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया चांगली झाली. मार्चमध्येच डॉक्टर म्हणाले, आता चाला. तरी मेरियन दारातल्या कुंपणाच्या पुढे गेली नव्हती. पाव मी आणायचे, पत्रं हेझल टाकायची. व्यायाम शिकवायला यायची ती मुलगी शेवटच्या दिवशी हेझलला बाजूला घेऊन म्हणाली होती, की उन्हाळ्यात या बाहेर पडल्या तर पडल्या, एकदा का हिवाळा आला की घरात बसायचीच सवय लागेल.

हेझलने ते ऐकलं आणि वही विकत आणली.

रोज संध्याकाळी बेत वाढत गेला. तंबू, खुंट्या, लाकडी हातोडा, वाऱ्याला आडोसा. किटली, चहाच्या पिशव्या, बेकन, टोमॅटो सॉस. दोन मग. दोन खुर्च्या, त्यांतली एक ताठ पाठीची. एका पानावर कुरणाचा नकाशा, त्यात नळापासून तंबूपर्यंतचं अंतर पावलांत. वही ती मुद्दाम टेबलावर उघडी टाकून झोपायला जायची. मेरियन येता-जाता ती वाचते, हे तिला ठाऊक होतं.

फक्त तिने मेरियनला विचारलं नाही.

या घराची ती रीतच आहे. इथे आग्रह म्हणजे दुसऱ्याच्या दारात पाय अडकवणं. मी नवीन असताना हेझल म्हणायची, "चहा टाकतेय," आणि मी वाट बघत बसायचे की आता ही मला विचारेल. नंतर कळलं की तेच विचारणं होतं. समोरच्याला नाही म्हणायची अडचण होऊ नये, म्हणून त्याला विचारायचंच नाही. खुर्ची थोडी सरकवून ठेवायची, हवं तर तो बसेल. हेझलने सरकवलेली खुर्ची म्हणजे ती वही होती.

मेरियन त्यावर एक शब्द बोलत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, की दोन रात्रींसाठी एवढी यादी म्हणजे नेपोलियन निघालाय वाटतं. हेझल मला जिन्यात गाठून म्हणाली, बघितलंस, मन नाही तिचं. नको, मी नाही विचारणार. विचारलं तर तिला नाही म्हणावं लागेल, आणि एकदा नाही म्हटलं की ती आयुष्यात शब्द फिरवायची नाही.

असे तीन आठवडे गेले.

मग शनिवारच्या सकाळचं पान आलं. दांड्यावर जाऊन यायचं, तिथे थर्मासमधला चहा प्यायचा, सील दिसले तर बघायचे. हेझलने मासेमारीचं आमिष विकणाऱ्या दुकानातून यंदाची भरती-ओहोटीची पुस्तिका आणली आणि तिच्यावरून वेळा मांडल्या. आता, या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट लहानपणीच खिळ्यासारखी ठोकलेली असते. उन्हाळ्यात आपली घड्याळं तासभर पुढे असतात, पण पुस्तिका छापतात हिवाळ्याच्या वेळेने. तेव्हा तिच्यात एक तास मिळवायचा. हेझलने मिळवला. पुस्तिकेत ओहोटी दहा चाळीसला होती, तिने अकरा चाळीस लिहिलं. दीड तास अलीकडे, दीड तास पलीकडे. एक वाजून दहा मिनिटांनी बांधावर परत.

यंदाच्या पुस्तिकेत तो तास आधीच मिळवलेला होता. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. पण पंचांग उघडणारा माणूस प्रस्तावना कुठे वाचतो?

सोमवारी सकाळी मी खाली आले तेव्हा हेझल वहीसमोर उभी होती, हातात किटली तशीच. पानाच्या कडेला शिसपेन्सिलीने, बारीक आणि उभ्या अक्षरात लिहिलं होतं:

तास दोनदा धरला आहेस. यंदाची पुस्तिका उन्हाळ्याच्या वेळेची आहे. ओहोटी १०.४०. बाराच्या आत बांधावर या. वेंडीला पोहता येत नाही.

आधी हेझलला राग आला. "एकतीस वर्षं फळा लिहिलाय, अजून हातातला खडू सुटत नाही बाईचा," असं म्हणत तिने पुस्तिका उघडली आणि तळाची ओळ वाचली. मग तिचं बोट पुन्हा त्या पाच वाक्यांवरून फिरलं आणि शेवटच्यावर थांबलं.

वेंडी ही हेझलची मैत्रीण. दोघी चर्चच्या घंटा वाजवायला दर गुरुवारी जातात, आणि आधीच्या दोन उन्हाळ्यांत दोघी तंबू घेऊन गेल्या होत्या. यंदा वेंडीचं नावही वहीत कुठे नव्हतं. पण मेरियनचंही नव्हतं. होते ते फक्त दोन मग आणि दोन खुर्च्या.

"तिला वाटतंय मी वेंडीला घेऊन चाललेय," हेझल म्हणाली. "तीन आठवडे तिच्या नाकासमोर वही ठेवतेय, आणि तिला वाटतंय मी तिला दाखवून दाखवून वेंडीबरोबर चाललेय."

तो सगळा दिवस तिने बागेत काढला. तंबू हिरवळीवर उभा केला, पाडला, पुन्हा उभा केला. संध्याकाळी ती आत आली. मेरियन टेबलाशी बसून नवे बटाटे खरवडत होती. हेझलने तिच्याकडे पाठ करून सिंकशी उभं राहून हात धुतले, बराच वेळ धुतले.

"ती ताठ पाठीची खुर्ची," ती नळाकडे बघत म्हणाली, "वेंडीसाठी नाहीये."

"मग कुणासाठी? पाद्र्यासाठी?"

"तुझ्यासाठी आहे."

बटाटा खरवडायचा आवाज थांबला नाही. "मला कुणी बोलल्याचं आठवत नाही," मेरियन म्हणाली.

"बोलले असते तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. म्हणून विचारायचंच नाही? मी काय कपाट आहे, न विचारता हलवायला?"

हेझल वळली. सव्वीस वर्षं चिंचोळ्या रस्त्यांवर समोरून आलेल्या ट्रॅक्टरांना मागे घ्यायला लावणारी बाई, पण तिचे ओले हात तसेच हवेत राहिले होते. "मेरियन, माझ्याबरोबर येशील?"

"नाही," मेरियन म्हणाली.

मी माझं ताट घेऊन वर जायला उठले, तर मेरियनने मला बसायची खूण केली. जेवण झालं. बटाटे चांगले झाले होते, एवढंच दोघी दोनदा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वही जागेवर नव्हती. दुपारपर्यंत मेरियनच्या खोलीचं दार बंद होतं. हेझलने तीन वेळा चहा टाकतेय म्हणून जिन्याखालून सांगितलं, तिन्ही वेळा वरून उत्तर आलं की नको. चारच्या सुमारास मेरियन काठी टेकत खाली आली आणि तिने वही टेबलावर ठेवली. शनिवारच्या पानावर सगळी नवी मांडणी होती. हेझलचं दांड्यावर जाणं तसंच होतं, फक्त वेळा बदललेल्या. खाली दुसरा रकाना आखला होता आणि त्यावर लिहिलं होतं: मेरियन, बांधावर.

तिने समजावून सांगितलं, कचेरीत नव्या माणसाला सांगावं तसं. दांड्यावर ती येणार नाही, चिखलात तिचा खुबा टिकायचा नाही, आणि कुणी आग्रह करू नये. पण तंबूपासून बांध तीनशे पावलं आहे, आणि बांधावर बसून पाण्यावर नजर ठेवायला कुणीतरी हवंच. एकटी बाई खाजण ओलांडून गेली आणि मागे घड्याळ बघणारं कुणी नाही, हा वेडेपणा आहे. ती साडेअकराला शिट्टी वाजवेल. हेझलने शिट्टी ऐकली की सील असोत वा देवमासा, मागे फिरायचं.

"आणि रात्री जमिनीवर कशी झोपशील?" हेझलने विचारलं.

"घडीची खाट माळ्यावर आहे. तू यादीत विसरलीस. मी लिहिली."

हेझलने नंतर मला सांगितलं, की त्या क्षणी तिला मेरियनला मिठी मारावीशी वाटली होती. पण मेरियनला ते आवडलं नसतं, आणि एकाच आठवड्यात दोन धक्के कशाला. तेव्हा तिने फक्त घडीच्या खाटेपुढे बरोबरची खूण केली.

बुलिमोरला फोन मेरियननेच केला. बंदराच्या कचेरीतला तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. खालचा, सरळ, वाक्य संपलं की तिथेच थांबणारा. दोन रात्री, दोन माणसं. नाही, नळाशेजारी नको, बांधाच्या बाजूला. हो, जमीन उताराची नसावी. तिकडून त्याने काहीतरी लांबलचक विचारलं, आणि मेरियन म्हणाली की हो, तीच ती, आणि त्याच्या वडिलांनी एकदा तिच्या फळ्याकडे न बघता बोट काढली होती तेही तिला आठवतं. मग तिने रिसीव्हरवर हात ठेवून हेझलला विचारलं, सकाळची अंडी चार की सहा.

"सहा," हेझल म्हणाली.

फोन ठेवून मेरियनने खुंटीवरचा कोट काढला. जूनची उबदार संध्याकाळ होती, कोटाची गरज नव्हती, पण जानेवारीनंतर तिने तो पहिल्यांदाच अंगावर घातला. तीनशे पावलं लिहिणं सोपं आहे, ती म्हणाली. ती किती असतात ते बघायला हवं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत साधारण तेवढी होतील.

ती दारातून बाहेर पडली. हेझल खिडकीशी गेली, परत आली, चहाचा कप उगीचच धुतला. बरोबर जावं तर मेरियनला वाटेल आपल्यावर पहारा आहे. न जावं तर ती पडेल. मी म्हटलं, जा ना. ती म्हणाली, तिने बोलावलं नाही.

कुंपणाशी मेरियन थांबली होती. हाताने फाटक धरलं होतं आणि ती रस्त्याकडे बघत होती. एक मोटार गेली, एक सायकल गेली. मग मागे न वळताच तिने जरा मोठ्याने हाक मारली.

"हेझल. येतेस की मी एकटीच मोजू?"

हेझल घरातल्या सपाता घालूनच धावली. मी वरच्या खिडकीतून त्यांना रस्त्याने जाताना पाहिलं. मधे दोन हातांचं अंतर, कुणी कुणाला धरलेलं नाही, आणि दोघींचे ओठ हलताहेत, कारण दोघी वेगवेगळं मोजत होत्या. वाटेतल्या चॅपलच्या भिंतीला मेरियन एकदा टेकली. टपालपेटीशी एकदा. परत यायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली आणि येताना त्यांचं भांडण चालू होतं: हेझलच्या मते पावलं दोनशे चौऱ्याऐंशी झाली, मेरियनच्या मते तीनशे एकतीस.

"तुझे पाय लांब आहेत," मेरियन म्हणाली. "लिही माझा आकडा. बसणार मी आहे."

हेझलने वही ओढली, शनिवारच्या पानावर मेरियनचा आकडा लिहिला, आणि कुरणाच्या नकाशात, बांधाच्या वाटेवर, बरोबर मध्यावर, एक छोटा चौकोन काढून त्यात लिहिलं: स्टूल.