आठ हातांची दातपडकी

आमच्या आत्यापुढे कोरी भिंत आणि चुळबुळी पोर, दोन्ही सुरक्षित नसत. निरगुडसरात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवणारी ती एकटीच बाई. लग्नकार्यातही कोपराला पिवळा रंग लावूनच मिरवायची. माणसं तिच्या लक्षात राहत ती नावानं नव्हे, नाकानं. पाहुणे आले की चहा विसरून त्यांच्याकडे टक लावून बसे आणि मधेच ओरडे, "हलू नका पावणं, नाक पळतंय!" चहा शेवटी पाहुण्यांनाच करून घ्यावा लागे.

नव्वदच्या दशकात गावानं तिला नवरात्रासाठी देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर देवी काढायला सांगितलं. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. फसलं असतं तर पुन्हा जन्मभर ट्रॉल्याच. मी तेव्हा दुसरीत. तिनं चार दिवस मला समोर उभी केली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गाव जमलं आणि भिंतीकडून माझ्याकडे, माझ्याकडून भिंतीकडे बघू लागलं. देवीला माझं तोंड होतं, पुढचे दोन दात पडलेलं! सात हातांत खुरपं, आसूड, पाटी, पेन्सिल, भोवरा, सागरगोटे आणि अर्धा खाल्लेला पेरू. आठवा हात डोकं खाजवत होता. पोरं मला बघून खिदळली, मी भोकाड पसरलं. देवस्थानचे अध्यक्ष म्हणाले, "सकाळी चुना मारा यावर."

आत्या हळूच म्हणाली, "देवी काय मातारीच जन्मली व्हय, भाऊ? तिचं दात कधी पडलंच न्हाईत?"

सकाळी चुन्याची बादली आली, पण बायका त्याआधीच पोचल्या होत्या. आठ हात दिसताच त्यांनी सवयीनं हळदकुंकू वाहिलं, ओटीही भरली. दात कोण मोजतंय! पुजलेल्या तोंडावर चुना फासायची कुणाची छाती होईना. बादली परत गेली. आत्या मात्र तणतणत होती, "नाकाचं पार वाटोळं केलं बायांनी!" आणि ओल्या फडक्यानं कुंकू पुसत होती. त्या दिवसापासून तोंड मिटून हसणं मी सोडलं. आजही अभिमानानं सांगते, ती देवी मी होते.

पंधराएक वर्षांनी जीर्णोद्धारात ती भिंत पाडली. ते कळताच घोडेगावच्या नोकरीवरून मी आत्याकडे गेले. तिला दिसेनासं झालं होतं. मी तिच्याशेजारी बसून मुसमुसू लागले.

"रडती कशाला? भिंत पडली, तू हायस ना?" तिनं चाचपडत माझी हनुवटी वर केली. "उभी ऱ्हा नीट. हलू नको, नाक पळतंय."

मी अजिबात हलले नाही.