तलावावरची बदकं उडवली ती सकाळ

बायको जाऊन एक पावसाळा झाला होता. तिचा फोटो भिंतीवर होता, लुगडी पेटीत होती, पण आवाज हरवला होता. हे मी कोणाला सांगत नव्हतो. माणूस रडला तर लोक समजून घेतात. बायकोचा आवाज आठवत नाही म्हटलं तर याचं डोकं फिरलं म्हणतील. पोरानं मोबाईलवर तिचे फोटो ढीगभर काढले, बोलणं एकदाही धरलं नाही. मी तिचं बोलणं आठवून पाहायचो. शब्द तिचेच यायचे, पण सगळे माझ्या आवाजात.

नुसता घरात बसून असतो म्हणून दोन दोस्त मला पाखरं पाहायला घेऊन गेले. एक एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. जावयानं दुर्बीण दिल्यापासून त्यानं खाली पाहणं सोडलं होतं. दुसरा माझा शेजारी शेतकरी. त्याची धानाची बांधी आणि माझी बांधी, मधात मातीच्या बांधाची एकच पार.

अड्याळला उतरून तलावापर्यंत पायी गेलो. कापलेल्या धानाच्या कडपा बांध्यांमध्ये पडल्या होत्या आणि सगळीकडे धुकं. पाणी कुठं, आभाळ कुठं, काही वेगळं काढता येत नव्हतं. चालताना वाटत होतं, आपण झोपेत चालतो आहोत, आणि झोपही दुसऱ्याच कोणाची तरी आहे.

"सारस दिसन का गा?" शेतकऱ्यानं विचारलं.

"सारस? जिल्हा फुटून दोन झाले तवा सारस गोंदियावाल्याहीनं नेले," कंडक्टर म्हणाला. "आपल्या वाट्याले बदकं आले."

"मंग इतक्या थंडीत कायले आनलं बे? बदकं तं माह्या बांधीत फुकट दिसते."

"तुह्या बांधीत तू त्याहीले पाहतं का? गोटे मारतं."

आम्ही काठावर बसलो. धुकं हळूहळू वर गेलं आणि पाण्यावर पाचोळा साचावा तशी तपकिरी बदकं दिसू लागली. कंडक्टरनं दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली. एक बदक पंखात मान घालून झोपलं होतं. पाणी त्याला हलवत होतं आणि ते हलू देत होतं. मी किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे.

ही बदकं मला माहीत होती. धान दुधावर आलं की दिवस बुडताना यांचेच थवे बांधीत उतरायचे. माळ्यावर राखणीला बायको बसायची. बाकीचे डबे वाजवायचे, ती नुसती हाक मारायची. मी घराकडं बैलांना पाणी पाजत असलो तरी ती हाक तिथंवर यायची.

एवढ्यात एक थवा शिट्ट्या मारत उठला, तलावावर गोल फिरला आणि धानाच्या कडपांकडं वळला. मी उभा झालो कधी, तोंडाला हात लावले कधी, कळलंच नाही.

"हाऽऽ होऽऽऽ हो!"

सगळा तलाव उठला. वर पंखच पंख. पाणी उघडं पडलं.

"अबे बुढ्या!" कंडक्टर ओरडला. "पाखरं पाहाले आला का हाकलाले? घरचं धान होय का थे?"

शेतकरी हसला नाही. तो माझ्याकडं पाहत होता.

"हे तं वैनीची हाक होय," तो म्हणाला.

"काय म्हनतं?"

"वैनीची. शेवटाले आवाज वर नेऊन असाच तोडे. पारीवरून जनमभर आयकली मी. तुही हाक अशी नाही. तू तं म्हशीवानी ओरडतं."

आणि तो बोलत असतानाच ती आली. शब्द नाही, काही नाही. नुसता आवाज, थोडा चिरका, तिचा.

कंडक्टरनं दुर्बीण खाली घेतली. "मार अजून एक डाव," तो हळूच म्हणाला.

"आता कोनाले हाकलू? तलाव तं खाली झाला."

"मार न."

मी मारली नाही. दुसऱ्या वेळी माझाच आवाज निघाला असता तर मी काय केलं असतं? खाली बसलो. बदकं वरच फिरत होती, उतरायची घाई त्यांनाही नव्हती. मी डोक्यावरचा दुपट्टा सोडून कानांवरून घट्ट बांधला, आत आलेलं बाहेर जाऊ नये म्हणून.

"थंडी वाजून राहिली का गा?" शेतकऱ्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.