दिल्लीची सोयरीक

आबाजींनी पाणी मागितलं की भल्याभल्या घरांना घाम फुटायचा. आमच्या सिहोऱ्यात कुणाच्या पोरीची सोयरीक ठरायची असली, की मुलाचं घर पाहायला शेजारच्या आबाजींना न्यायचेच. ते बैठकीत टिकत नसत. पाणी प्यायच्या निमित्तानं थेट मागच्या अंगणात जायचे, भांडी घासणाऱ्या बाईशी, सुनेशी दोन गोष्टी बोलायचे आणि निकाल घेऊनच परतायचे. "समोरचं दार पाहुण्यायसाठी राहते. घर मांगं राहते," असं म्हणायचे.

एकदा तर त्यांनी चांगली ट्रॅक्टरवाली, दुमजली सोयरीक मोडली. कारण काय, तर सुनेला साधं नाव विचारलं तरी ती आधी सासूकडे बघायची. पोरीचे वडील भयंकर चिडले. आबाजी काही हलले नाहीत.

मला दिल्लीच्या नावाजलेल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा बाबांनी बसस्टँडवर माझा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर मी हसत होते. घरात मात्र नाही. मला आमच्या भागातले तलाव शिकायचे होते, त्यातले मासे, वनस्पती, गाळ. नागपूरलाही माझा नंबर लागला होता. पण दिल्ली सोडून नागपूर म्हणायची सोय होती का? अख्खं गाव पेढे खाऊन बसलेलं! आणि प्रवेश पक्का करायला आठच दिवस उरलेले.

"घर पाह्यलं का?" आबाजींनी विचारलं.

"मोबाइलवर पाह्यलं."

"फोटू पाहून पोरगी देतेत का कोणी? चाल, जाऊन येऊ."

आणि खरंच आले हो! पांढरी टोपी, पिशवीत चिवडा आणि दोन धोतरं. दिल्लीत मी विभागाचा पत्ता शोधत होते, तोवर आबाजी वसतिगृहाच्या मेसमागे पोचलेसुद्धा. तासाभरानं आले ते खुशीत. स्वयंपाकीण बाईनं त्यांना गरम पोळी खाऊ घातली होती. तिथल्या झाडूवाल्याची लेक तिथंच शिकत होती. "पोरी एकट्या फिरून राहिल्या, कोणी वळून पाहत नाही. अशी सोयरीक पुन्हा नाही येत, बाई!"

मी तोवर विभागातल्या मॅडमना भेटून आले होते. फार चांगल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, आमचं सगळं काम संगणकावर चालतं. पाण्यात उतरायचं असेल तर तुला नागपूरच बरं.

परतीच्या गाडीत मी भीतभीत म्हटलं, "आबाजी, मले नाही जमत तिथं."

"काहून? घर सोन्यासारखं हाय!"

"हाय ना. पण मले चिखलात उतराचं हाय."

आबाजींचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता. मला वाटलं, आता बिघडले. इटारसीला त्यांनी पिशवीतला चिवडा काढून माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, "गावातल्या एवढ्या पोरी देल्ल्या, सारी घरं मीच पाह्यली. एकीलेही संगं नाही नेलं."

घरी आल्यावर बाबांसमोर तेच बोलले. "पोरगीनं पाह्यलं, तिले नाही जमलं. बात खतम!" बाबा चार दिवस धुसफुसले. मग त्यांनी फ्लेक्स काढून गोठ्यावर टाकला. गोठा गळायचा थांबला, तेवढाच माझ्या दिल्लीचा फायदा. मी मात्र नागपुरात सुखात रुळले.

पुढे कुणी सोयरीक पाहायला बोलावलं, की आबाजी आधी विचारायचे, "पोरगी संगं येते ना?" काहींनी त्यांना बोलावणंच बंद केलं.

आबाजी गेले त्याला दोन वर्षं झाली. यंदा एकोडीच्या तलावावर काम करताना मी त्यांच्या लेकीकडे, शांताआत्याकडे उतरले होते. तिनंच सांगितलं. दिल्लीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आबाजी एसटीनं तिच्याकडे आले, तिच्या संसाराला पस्तीस वर्षं झाल्यावर, आणि विचारलं, "शांते, तुले हे घर पसंत होतं का वो?"

"मंग? काय म्हटलं तुम्ही?" मी आत्याला विचारलं.

"म्हटलं, घर चांगलंच हाय बाबा. फक्त तुम्ही एक साल थांबले असते, तर माही मॅट्रिक झाली असती."